वजन उतरलं, ताकदही उतरली: आता ताटात काय बदलायचं?

भाऊ, तुमची माहिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३६, उंची पाच फूट सात इंच, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे घरची शेती. अडीच महिन्यांत वजन ८६ वरून ७५ किलोवर आणलं. सकाळी पपई नाहीतर काकडी, दुपारी एक भाकर आणि भाजी, रात्री टोमॅटोचं सूप किंवा ताक, आणि रोज पहाटे पाच किलोमीटर चालणं. आता गाल बसले, खांदे उतरले, पोट मात्र पट्ट्यावर येतंच. सोयाबीनचा जो कट्टा (पोतं) एकट्यानं ट्रॉलीत टाकत होता, त्याला आता दुसरा माणूस बोलवावा लागतो. घर माळकरी, त्यामुळे घरात अंडं येत नाही, बाहेर तुम्ही खाता. प्रोटीन पावडरचा खर्च नको. विचारलंय असं की उरलेली चरबी काढायची आणि ताकद राखायची तर काय खावं, आणि दोनच वेळा जेवलं तर चालेल का.

कट्ट्याची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मी उत्तर तिथूनच सुरू करते.

गेलेल्या अकरा किलोंमध्ये सगळी चरबी नव्हती. खाणं एकदम कमी केलं की शरीर आधी ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, वापरतं, आणि त्याच्या एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं. सुरुवातीला काटा झपकन खाली येतो तो यामुळे. उरलेल्यात चरबी आहे आणि स्नायूही आहेत. कशाचा वाटा किती, हे इथे बसून मला सांगता येणार नाही. जिममधल्या चरबी मोजायच्या, हातात धरायच्या मशीनवरही फार भरवसा ठेवू नका, पाणी कमी-जास्त प्यायलात तरी तिचा आकडा बदलतो. कट्टा उचलत नाही, हा त्याहून चांगला पुरावा आहे. त्यातली थोडी ताकद नुसती पोटभर न खाल्ल्यामुळे गेलेली असणार, ती नीट जेवायला लागलात की काही आठवड्यांत परत येईल. बाकीची मात्र पुन्हा कमवावी लागेल.

स्नायूंची मोडतोड आणि डागडुजी रोज चालूच असते. डागडुजीला दोन गोष्टी लागतात: प्रथिनं, आणि हा स्नायू कामाचा आहे असं शरीराला कळेल इतकं ओझं. तुम्ही नकळत दोन्ही काढून घेतल्या. चालणं साखरेला चांगलं, हृदयाला चांगलं, सोडू नका. पण पहाटेच्या पाच किलोमीटरमुळे खांदा आणि पाठ टिकत नाही.

यात आपल्या लोकांची एक अडचण जास्तीची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारीशेजारी काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे त्यातून दाखवायचं होतं. आपली स्नायूंची शिल्लक मुळात कमी, म्हणून तिला हात लावणारं वजन उतरवणं आपल्याला जास्त महाग पडतं. पाच-दहा वर्षांनी साखर कशी राहील, हेही पुष्कळसं याच शिल्लकीवर ठरतं. म्हणून तुमच्याच नव्हे, कुणाच्याही बाबतीत मी काट्याआधी कंबर बघते. बेंबीच्या पातळीला टेप लावा. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटरच्या आत, बाईसाठी ८० च्या आत.

आता तुमचं सध्याचं ताट. एका भाकरीत साडेपाच ग्रॅम प्रथिनं, भाजीत दोन, ताकात दोन-तीन, दोन चहांतल्या दुधाचे मिळून तीन. काकडी-पपईत जवळजवळ काही नाही. झाले पंधराच्या आतबाहेर. साध्या निरोगी माणसालाही रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) मानक सांगतं, म्हणजे तुम्हाला ६२. आणि चरबी उतरवताना स्नायू राखायचे असतील तर त्याहून बरंच जास्त, किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम. तुमच्या ७५ किलोला ९० ते १२०. शाकाहारी घरात १२० गाठणं अवघड, शंभराच्या जवळ गेलात तरी मला पुरे.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण इथे म्हणतात, “मॅडम, आम्ही रोज वरण खातो.” खातात, पण कसं? पाच माणसांच्या घरात वाटीभर डाळ शिजते, तिच्यात तांब्याभर पाणी पडतं, वर फोडणी. माणशी पंधरा-वीस ग्रॅम कोरडी डाळ येते, म्हणजे तीन-चार ग्रॅम प्रथिनं. आपल्याकडे तुरीला तोटा नाही, तरी ताटातलं वरण पातळ आणि त्याखालचा भात डोंगराएवढा. वजन कमी करायचं ठरलं की माणूस वरण आणि दूध आधी सोडतो, कारण ती ‘जड’ वाटतात, आणि वांग्याच्या भाजीवरची तर्री तशीच राहते. मी नेमकं उलटं करायला सांगते. डाळ तिप्पट घट्ट करा आणि तेल निम्मं.

तेलाचा हिशेब बायकोला विचारा, तिलाच माहीत असतो. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी दिवसाला ३८ ग्रॅमच्या आसपास पडतं, ग्रॅमला नऊ कॅलरी धरल्या तर साडेतीनशेच्या जवळ कॅलरी नुसत्या तेलाच्या. ते तीन लिटरवर आणलं तर ताटातला एक घासही न काढता माणशी दीडशेच्या जवळ कॅलरी कमी झाल्या. तुमच्या एकट्यासाठी वेगळी भाजी करू नका, ते आठवडाभरच टिकतं. सगळ्या घराचंच तेल कमी करा. आईची रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिलाही ते चांगलंच.

मग दिवस साधारण कसा असावा? वावरात काम करणाऱ्या तुमच्या वयाच्या, वजनाच्या माणसाचा खर्च मी २४०० ते २५०० कॅलरी धरते, पेरणी-सोंगणीच्या दिवसांत याहून बराच जास्त. त्यातून चार-साडेचारशे कमी करायच्या, अधिक नाही.

सकाळी बेसनाची दोन धिरडी, कोरडं बेसन साठ ग्रॅम, कांदा-सांभार (कोथिंबीर) भरपूर, तव्यावर दोन छोटे चमचे तेल. सोबत मोठा पेला दूध, साय काढलेलं. घरी म्हैस असेल तर साय काढणं जास्त गरजेचं, प्रथिनं दुधातच राहतात. इथे वीस ग्रॅम झाले. दुपारी दोन भाकरी, पन्नास ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण, भाजी आणि वाटीभर दही. हे तीसच्या जवळ. चारच्या सुमारास मूठभर फुटाणे, चाळीस ग्रॅम, त्यात आठ-नऊ. रात्री चाळीस ग्रॅम सोयाबीन वडीची भाजी आणि एक भाकर, हे पंचवीसच्या पुढे. दिवसात कधीतरी गावातल्या टपरीवर दोन उकडलेली अंडी, त्यांचे बारा. बेरीज शंभराच्या आसपास आणि कॅलरी दोन हजाराच्या आत. भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नसेल तर रात्रीच्या भाकरीऐवजी वाटीभर भात घ्या, भाकर आणि वर भात असं नको.

हे ताट कायद्यासारखं पाळू नका. डाळकांदा झाला तर वरण नको. पौषात तुरीचे सोले निघाले की त्यांची भाजी पोटभर खा, फक्त ओल्या दाण्यात पाणी असतं म्हणून माप दुप्पट-अडीचपट घ्या. रोज बेसन झेपत नाही, गॅस होतो असं पुष्कळांचं असतं. त्यांनी रात्री भिजवलेल्या मुगाची धिरडी करावीत. भाकर आणि डाळ एकाच ताटात असण्याला कारण आहे: प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यातलं लायसिन ज्वारीत कमी असतं ते डाळीत मिळतं, आणि मेथिओनिन डाळीत कमी असतं ते ज्वारीत. म्हणून भाकर बंद करायला मी कधीच सांगत नाही, फक्त मोजून खायला सांगते.

फल्लीदाण्याबद्दल मात्र सावध राहा. “दाण्यात प्रोटीन असतं” हे खरं, शंभर ग्रॅममध्ये पंचवीस. पण त्याच शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत, कारण निम्मा भाग तेल. जवस-दाण्याची चटणी ताटात चमचाभर असावी, चालता-बोलता खिशातून दाणे खाऊ नयेत. त्या जागी फुटाणे.

सोयाबीनवर जरा जास्त बोलते, कारण यातच आपलं सगळ्यात सोपं उत्तर आहे आणि तेच सगळ्यात कमी खाल्लं जातं. आपण पोत्यांनी पिकवतो आणि सगळं बाजार समितीत नेतो. तेल काढल्यावर उरलेल्या पिठाची वडी होते, म्हणून तिच्यात चरबी नावालाच आणि शंभर ग्रॅमला पन्नासच्या वर प्रथिनं. इतक्या पैशात इतकी प्रथिनं देणारं दुसरं काही किराणा दुकानात नाही. वास आवडत नाही ही तक्रार मी रोज ऐकते. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा, घट्ट पिळा, गार पाण्यात धुऊन पुन्हा पिळा, मग सावजी पद्धतीचा मसाला वाटून रस्सा करा. पाटवडी रस्सा ज्या घरात होतो त्या घरात हे पाहिजे तसं जमतं. घरचं सोयाबीन दळणात टाकायचं असेल तर कच्चं टाकू नका. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं जातो. वीस-पंचवीस मिनिटं उकळून, कडक उन्हात वाळवून, नऊ-दहा किलो गव्हाला एक किलो या मापानं दळा. सोयाबीन खाल्ल्यानं पुरुषांची छाती वाढते ही भीती जिमच्या पोरांनी पसरवली आहे. साध्या प्रमाणात पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम होत नाही, हे बऱ्याच अभ्यासांचे निकाल एकत्र करून तपासून झालं आहे. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवावं.

भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडून कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी एक वाक्य: प्रथिनं वाढवायची म्हणून लाखोळीच्या डाळीचं प्रमाण वाढवू नका, ती फार खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात, त्यापेक्षा तलावातली मासोळी कितीतरी चांगली.

दोन वेळच्या जेवणाबद्दल. डॉ. श्रीकांत जिचकार यांची ही कल्पना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी नेली: दिवसात दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. अनेकांचं वजन त्यानं उतरलेलं मी पाहिलं आहे. मधलं चहा-बिस्कीट, फरसाण, आलूबोंडा बंद होतं हा त्याचा मोठा फायदा. तुमच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. शंभर ग्रॅम प्रथिनं दोन बैठकांत म्हणजे एका बैठकीला पन्नास, आणि शाकाहारी ताटात ते बसवायला इतकी डाळ खावी लागेल की दुपारी वावरात वाकवणार नाही. स्नायूंच्या डागडुजीलाही एकदम ढीग टाकण्यापेक्षा दर वेळी वीस-तीस ग्रॅम असं तीन-चारदा मिळालेलं बरं, असं माझं मत आहे. ज्याला दोनच वेळा जेवणं सोयीचं आहे आणि रोज अंडी-चिकन चालतं, त्यानं खुशाल करावं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत, साखर एकदम खाली जाऊ शकते.

तुम्ही म्हणाल, प्रश्न आहाराचा आणि मी ओझ्यावर का बोलते. कारण शंभर ग्रॅम प्रथिनं खाऊनही ओझं नसेल तर निम्माच उपयोग. “आम्ही दिवसभर वावरात राबतो, वेगळा व्यायाम कशाला?” हाही रोजचा प्रश्न. निंदण, फवारणी, पाणी देणं यात दम लागतो, पण तेच हलकं काम हजारदा होतं. स्नायू टिकायला कमी वेळा, पण जड आणि दर आठवड्याला थोडं वाढत जाणारं ओझं लागतं. जिम नको. रिकाम्या कट्ट्यात वीस किलो माती भरा आणि तोंड घट्ट बांधा. आठवड्यातून तीन दिवस तो छातीशी धरून बैठका, जमिनीवरून सरळ पाठीनं उचलणं, वाकून पोटाकडे ओढणं, आणि ओझ्याशिवाय दंड. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सोपं वाटायला लागलं की किलो-दोन किलो माती वाढवा. पाठीचं जुनं दुखणं असेल तर आधी कुणाला तरी दाखवून घ्या. आणि चैत्र-वैशाखात आपल्याकडचा पारा पंचेचाळीसवर गेला की हे पहाटेच उरका.

नुसतं पोट कमी करायचा व्यायाम नसतो. चरबी कुठून आधी जाईल हे शरीर ठरवतं, आणि पुरुषांत पोटावर साठलेली सहसा उशिरा दिसेनाशी होते. तुमचं पोट अजून आहे याचा अर्थ काही चुकतंय असा नाही, फक्त राहिलेलं काम हळू होणार.

किती हळू? आठवड्याला वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे तुम्हाला साडेतीनशे-चारशे ग्रॅम. महिन्याला दीड किलो. तुम्ही याच्या तिप्पट वेगानं आलात. पहिल्या महिन्यात कदाचित काटा हलणारच नाही, किंवा किलोभर वरही जाईल, कारण ग्लायकोजेन आणि पाणी परत भरेल. तेव्हा घाबरून पुन्हा काकडीवर जाऊ नका. दर रविवारी सकाळी पोट साफ झाल्यावर कंबर मोजा आणि कट्ट्यात किती किलो आहे ते वहीत लिहा. कंबर खाली आणि कट्टा वर किंवा आहे तिथेच, म्हणजे जाणारी चरबीच आहे. दोन्ही खाली जायला लागले तर खाणं कमी पडतंय, रोज एक भाकर आणि थोडी डाळ वाढवा.

झोपेचा मुद्दा रब्बीत येईल. हरभऱ्याला रात्रीच्या लायनीवर (विजेवर) पाणी द्यायला जावं लागतं, हे मला माहीत आहे. शिकागो विद्यापीठातल्या २०१० च्या एका छोट्या प्रयोगात तीच माणसं एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपवली, खाणं दोन्ही वेळा सारखंच कमी. वजन जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी निम्म्याहून कमी गेली आणि बाकीचं स्नायूंसारख्या ऊतींमधून गेलं. माणसं दहाच होती, तरी माझ्या रोजच्या पाहण्याशी ते जुळतं. म्हणून ज्या आठवड्यात रात्री पाणी द्यायचं असेल, त्या आठवड्यात खाणं कमी करू नका, पोटभर खा. दुपारी तासभर पडा.

माळकरी घर म्हणजे एकादशी आलीच. साबुदाणा हा नुसता स्टार्च, त्यात प्रथिनं नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि खिचडीत तूप-दाणे सढळ पडतात. त्या दिवशी भगर, घट्ट दही, दूध, राजगिऱ्याची भाकर असं करा. महिन्यातले दोन दिवस प्रथिनं कमी झाली तर काही बिघडत नाही. श्रावणात रोजच उपासासारखं खाणं होतं, तिथे बिघडतं. अंडं घरात नको असेल तर आईशी वाद घालू नका, वर लिहिलेलं ताट अंड्याशिवायही नव्वदच्या जवळ जातं.

सुरू करण्याआधी तालुक्याला जाऊन रक्तातली उपाशीपोटीची साखर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), बी-१२ आणि टीएसएच (थायरॉईडसाठी) तपासून घ्या. इतकं वेगानं वजन उतरणं तुमच्या खाण्यानं समजावता येतं, तरी साखर आणि थायरॉईड यामागे नाहीत हे बघितलेलं बरं. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर वरचे प्रथिनांचे आकडे तुमच्यासाठी नाहीत, किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच ताट ठरवायचं. शुद्ध शाकाहारी माणसांत बी-१२ कमी निघणं नेहमीचंच. ते कमी असेल तर थकव्याचा काही भाग त्यातूनही असू शकतो, आणि तो डाळीनं जाणार नाही, गोळी किंवा इंजेक्शन लागेल.

आणि मुहूर्त दसरा-दिवाळीच्या मधला नको. सोयाबीनची सोंगणी आणि मळणी तेव्हाच असते, त्या तीन-चार आठवड्यांत दुपारी दोनऐवजी तीन भाकरी खा, डाळ-दूध वरच्या मापानं घ्या, आणि कट्टे दोघांनीच उचला. मातीच्या कट्ट्याचा व्यायाम त्या दिवसांत बंद ठेवलात तरी चालेल. माल घरी आला की चारशे कॅलरी कमी करायला लागा.